रुमालाची गाठ : मायक्रोफिल्मवर भरवसा किती ठेवावा?

जुन्या वृत्तपत्रांवरच्या मागच्या लेखात मी मायक्रोफिल्मबद्दल, म्हणजे जुन्या कागदांची बारीक छायाचित्रे घेतलेल्या रिळांबद्दल, दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रे आली की या महिन्याचे सदर त्यांनाच देते आहे. माझी सगळी नोकरी एका अभिलेखागाराच्या रिप्रोग्राफी, म्हणजे कागदांच्या नकला काढणाऱ्या, विभागात झाली. वाचकाने फिल्म पडद्यावर पाहायच्या आधी तो कागद कॅमेऱ्याखाली मी किंवा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कोणीतरी सरळ केलेला असे. माझी मते तिथली आहेत, हे लक्षात ठेवून उत्तरे वाचावीत.

प्रश्न : माझ्या पीएच.डी.चा विषय १८९६-९७च्या प्लेगच्या काळातली पुण्या-मुंबईची मराठी वृत्तपत्रे हा आहे. मार्गदर्शक म्हणतात, दिल्लीला तीन मूर्तीच्या ग्रंथालयात जाऊन फिल्म वाचा. पुण्यात एका संस्थेत मूळ फायली आहेत, पण त्या हातात मिळणे कठीण. केवळ फिल्मवरून केलेला प्रबंध परीक्षकांना कमअस्सल वाटेल का?
– संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : वाटू नये. वर्तमानपत्रांचा अभ्यास करणारे कित्येक नामांकित इतिहासकार फिल्मच वाचत आलेले आहेत. पण फिल्म वाचायची एक रीत आहे, आणि ती विद्यापीठात कोणी शिकवत नाही.

आधी फिल्मची बाजू. शंभर फुटांच्या एका ३५ मिलिमीटर रिळावर मोठ्या आकाराच्या वृत्तपत्राच्या साधारण सहाशे ते आठशे फ्रेमा बसतात. म्हणजे त्या काळच्या एखाद्या साप्ताहिकाचे अख्खे वर्ष तुमच्या मुठीत येते. मूळ फाइल उघडायची तर दोन माणसे लागतात, पान उलटताना कोपरा हातात येतो, आणि ग्रंथपाल तुमच्या बोटांकडे बघत उभे असतात. त्यांचे चुकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वर्तमानपत्रे लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापली जाऊ लागली. तो कागद आपल्याच आम्लाने तांबूस होतो आणि तुटतो. दुसरी गोष्ट, चांगल्या फिल्मिंगमध्ये एका ग्रंथालयात नसलेले अंक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून मध्ये बसवलेले असतात. अशी फिल्म कोणत्याही एका संस्थेतल्या मूळ फायलींपेक्षा जास्त भरलेली असू शकते. आणि तिसरी गोष्ट मी सगळ्यांत वर ठेवीन. फिल्म वाचताना शोधशब्द टाकता येत नाही, त्यामुळे सगळेच डोळ्यांखालून जाते. प्लेगच्या बातमीशेजारी जंतुनाशक औषधाची जाहिरात, तिच्याखाली गाव सोडून गेलेल्याचे घर भाड्याने देण्याची सूचना, हे शेजार संगणकावरच्या शोधात कापले जाते. तुमच्या विषयात तर हे शेजारच महत्त्वाचे.

आता दुसरी बाजू. बांधलेल्या फायलीत शिवणीकडचा रकाना नेहमी मार खातो. फाइल घट्ट बांधलेली असली की पान पूर्ण उघडत नाही. शिवण सोडायला वरून परवानगी लागे आणि ती क्वचितच मिळे. मग काच दाबून जितके दिसेल तितके घ्यायचे. रोजच्या फ्रेमांचा आकडाही भरायचा असे. शिवणीत गेलेली दोन-तीन अक्षरे जाणकार वाचक संदर्भाने भरून काढतो, पण आकड्यांच्या बाबतीत तसे करू नका. रकान्याच्या आतल्या कडेला प्लेगच्या मृत्यूंचा आकडा असेल आणि शेवटचा अंक शिवणीत गेला असेल, तर १४ आणि १४० यांत फरक करायला संदर्भ पुरत नाही.

शिवाय प्रकाश. मीटर पाहून दिवे लावले तरी एकाच फायलीत पांढरे पान, पिवळे पान आणि पाण्याचा डाग पडलेले पान असते. प्रत्येक पानासाठी दिवे बदलायला वेळ नसतो. फिल्म मुद्दाम जास्त काँट्रास्टची असते, म्हणजे काळे ते ठार काळे आणि पांढरे ते लख्ख पांढरे. छापील मजकुराला ते मानवते. बारीक देवनागरी खिळ्यांना, म्हणजे छपाईच्या टाइपाला, तितके मानवत नाही. मात्रा गळतात, अनुस्वार जातात, ‘ध’ आणि ‘घ’ एकमेकांची सोंगे घेतात. जाहिरातींचा खिळा सर्वांत बारीक, तिथे विशेष सांभाळा.

रीत अशी. रीळ लावायच्या आधी वहीत तारखांची यादी करा. १८९७ साली केसरी साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघे. ज्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला ते १५ जूनच्या अंकातले, आणि रँडवर गोळी झाडली गेली तो २२ जूनही मंगळवारच. तेव्हा वर्षाचे सगळे मंगळवार लिहून काढायचे आणि फिल्मवर दिसेल त्या अंकापुढे खूण करायची. कोणत्या तारखा रिकाम्या राहिल्या ते एका बैठकीत कळते. बाकीच्या पत्रांचेही वार शोधून तसेच करा. रिळाच्या सुरुवातीच्या चार-पाच फ्रेमा घाईने ओढू नका. तिथे पत्राचे नाव, कालावधी, गहाळ अंकांची नोंद, कधीकधी फाइल कोणत्या ग्रंथालयाची होती तेही लिहिलेले असते. आम्ही ते फलक हाताने रंगवत असू आणि वाचक ते न बघता पुढे जात. अजूनही जातात.

एखादा अंक फिल्मवर नाही, म्हणजे तो निघालाच नाही, असे प्रबंधात लिहू नका. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे साप्ताहिक इंग्रजी गोषवारे गुप्तपणे तयार करून घेत असे. ते ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ आज उपलब्ध आहेत, त्यांच्याही फिल्म निघाल्या आहेत. फिल्मवर नसलेल्या आठवड्यात त्या पत्राचा उतारा रिपोर्टात सापडला, तर अंक निघाला होता हे सिद्ध झाले. उतारा मात्र सरकारी भाषांतरकाराच्या चाळणीतून आलेला असतो. त्याला राजद्रोह दिसे, औषधाची जाहिरात दिसत नसे.

हे सगळे झाल्यावर संशयाच्या जागांची यादी करा : तारीख, पान, रकाना. ती घेऊन पुण्याच्या संस्थेत जा. ‘१८९७ची फाइल दाखवा’ म्हणणाऱ्याला नकार मिळतो. ‘या चार तारखांचे तिसरे पान दोन मिनिटे बघू द्या’ म्हणणाऱ्याला बहुधा नाही मिळत.

प्रश्न : मायक्रोफिल्म वाचायच्या यंत्राच्या (रीडरच्या) पडद्याचा मोबाइलने फोटो काढला की मध्ये पांढरा डाग आणि आडवे पट्टे येतात. प्रिंट काढण्याची सोय बंद आहे. काय करावे?
– पत्रकार, नाशिक

उत्तर : प्रिंटची सोय बहुतेक ठिकाणी बंदच आहे, त्या यंत्रांचा टोनर आणि सुटे भाग मिळेनासे झाले. मध्यभागी डाग येतो तो यंत्राच्या दिव्याचा. फोन बरोबर समोर न धरता किंचित वर किंवा बाजूला धरा आणि खोलीतले दिवे शक्य असतील तर घालवा. पडद्याच्या उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. पट्टे दिव्याच्या लुकलुकण्यामुळे येतात. फोनमध्ये शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तर सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवा, ते जातात. निगेटिव्ह फिल्मच्या फोटोतले काळे-पांढरे घरी उलटे करून घेता येते. परवानगी आधी विचारा, आणि पहिला फोटो रिळाच्या डबीवरच्या क्रमांकाचा काढा. घरी आल्यावर चारशे निनावी फोटो घेऊन बसलेले संशोधक मी पाहिले आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या शंभरी ओलांडलेल्या वाचनालयात जुन्या साप्ताहिकांच्या व मासिकांच्या फायली आहेत. एक देणगीदार त्या स्कॅन करून द्यायला तयार आहेत. कार्यकारिणीत काहींचे म्हणणे, स्कॅन झाल्यावर कागद रद्दीत द्यावा, जागा मोकळी होईल. मूळ कागद ठेवण्याला काही अर्थ आहे का?
– वाचनालयाचे कार्यवाह, सांगली जिल्हा

उत्तर : कार्यवाहसाहेब, स्कॅन जरूर करून घ्या आणि रद्दीवाल्याला वाचनालयाच्या पायरीवरही उभे करू नका.

ही चूक अमेरिकेने आपल्या आधी, आणि फार मोठ्या प्रमाणावर करून ठेवली आहे. तिथे १९३५च्या सुमारास कोडॅकच्या रेकॉर्डॅक कंपनीने न्यूयॉर्क टाइम्सची फिल्म काढायला सुरुवात केली, १९३८मध्ये हार्वर्डने परदेशी वृत्तपत्रांचे फिल्मिंग हाती घेतले. हेतू चांगला होता. पुढच्या काही दशकांत मात्र ग्रंथालयांनी ‘फिल्म झाली, आता कागद कशाला’ म्हणत फायलींचे ढीग बाहेर काढले. पुष्कळ ठिकाणी फिल्म काढण्यासाठीच शिवणी कापल्या गेल्या, मग सुटी पाने ठेवणार कोण? कागद किती मेला आहे हे ठरवायची चाचणी म्हणजे पानाचा कोपरा पुढे-मागे दुमडायचा आणि किती दुमडींत तुटतो ते मोजायचे. आता सांगा, वाचक पान दुमडतो की उलटतो? निकोलसन बेकर या अमेरिकी लेखकाने नेमका हाच प्रश्न विचारला. १९९९मध्ये ब्रिटिश लायब्ररी आपल्याकडची अमेरिकी वृत्तपत्रांची बांधीव मालिका काढून टाकते आहे असे कळल्यावर त्याने स्वतः पैसे उभे करून त्यांतला मोठा भाग विकत घेतला. त्यात पुलित्झरच्या न्यूयॉर्क वर्ल्डच्या फायली होत्या, रविवारच्या रंगीत पुरवण्यांसकट. या पुरवण्या फिल्मवर राखाडी ठिगळे होऊन बसल्या होत्या. २००१मध्ये त्याचे यावरचे पुस्तक आले आणि ग्रंथपालांच्या जगात बराच गहजब झाला. तो संग्रह २००४मध्ये ड्यूक विद्यापीठाने घेतला.

बेकरचे सगळेच मला पटत नाही. फिल्म करणाऱ्यांना तो जरा जास्तच खलनायक करतो, आणि दमट हवा, वाळवी, पावसात गळणारे छप्पर हे त्याच्या हिशेबात कमी आहे. पण त्याचा मूळ मुद्दा खरा : नक्कल केली म्हणून अस्सल फेकायचे कारण नाही.

तुमच्या संग्रहात १८८०च्या आधीचे काही असेल तर अधिकच सांभाळा. शिळाछापाचा जुना कागद बऱ्याचदा चिंध्यांचा असतो आणि गेल्या पन्नास वर्षांत छापलेल्या कागदापेक्षा धडधाकट निघतो. जागेची अडचण असेल तर फायली उभ्या न ठेवता आडव्या रचा, भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून वर. आणि देणगीदारांना एक अट घाला. स्कॅन रंगीत हवे, जाहिरातींची पाने, मुखपृष्ठे आणि मलपृष्ठे वगळायची नाहीत. मासिके बांधताना आपल्याकडे मुखपृष्ठे काढून टाकायची वाईट खोड होती. जी उरली आहेत ती तरी घ्या.

प्रश्न : मी हौशी मोडी वाचक आहे. मूळ कागदावर जे सहज लागते ते फिल्मवर लागत नाही. माझी तयारी कमी की फिल्म वाईट?
– निवृत्त तलाठी, सातारा

उत्तर : दोन्हींपैकी काही नसावे. मोडीला काळी-पांढरी फिल्म सोसत नाही, एवढेच.

लेखणी न उचलता ओढलेल्या ओळीत शब्द तोडलेले नसतात. अक्षर कुठे संपले हे डोळा शाईच्या गडदपणावरून ओळखतो. बोरू शाईत बुडवल्यावर पहिले अक्षर दाट, मग हळूहळू फिके, पुन्हा दाट. ही चढउतार जास्त काँट्रास्टच्या फिल्मवर सपाट होते. मागच्या बाजूची शाई पुढे फुटलेली असेल तर कागदावर ती तपकिरी दिसते आणि मन तिला आपोआप बाजूला करते. फिल्मवर दोन्ही बाजूंची शाई एकाच काळ्या रंगाची. तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते.

हिशेबाच्या कागदांत वेगळीच गंमत. पाव, अर्धा, पाऊण दाखवायला उभ्या रेघा असतात, आणि फिल्मवर ओरखडाही रेघेसारखाच दिसतो. ओळखायची खूण सांगते. वाचनयंत्रावर पडलेले ओरखडे रिळाच्या लांबीने धावतात आणि एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये सलग जातात. शाईची रेघ शेजारच्या कागदावर चालत जात नाही. तेव्हा संशय आला की एक फ्रेम पुढे आणि एक मागे बघा. ठिपक्याचेही तसेच. पॉझिटिव्ह फिल्मवर धूळ काळ्या ठिपक्यासारखी दिसते, निगेटिव्हवर चांदीचा थर उडालेली जागा पांढऱ्या, म्हणजे शाईच्याच रंगाच्या ठिपक्यासारखी. काच पुसून, फिल्म किंचित सरकवून पाहा. ठिपका जागचा हलला नाही तर तो यंत्रावरचा आहे.

फिल्मवर न येणाऱ्या गोष्टी मात्र कितीही सराव केला तरी दिसणार नाहीत. लांब पत्र दोन-तीन कागद चिकटवून केलेले असते आणि जोडावर शिक्का मारलेला असतो. पाठीवर ‘रुजू’, ‘बार’ असे कारकुनी शेरे असतात. पाठ कोरी आहे असे समजून कॅमेरावाल्याने ती सोडली असेल, तर सगळी दप्तरी वाट, कागद कोणाकोणाच्या हातून गेला ती, हरवली. पोथ्यांत लाल हिंगुळाचे दंड आणि चुकीवर फासलेली पिवळी हरताळ असते. फिल्मवर दोन्हींच्या जागी करड्या छटा. नेपाळमध्ये जर्मनांच्या मदतीने १९७०पासून तीसेक वर्षे चाललेल्या प्रकल्पात दीड लाखाहून जास्त हस्तलिखिते फिल्मवर घेतली गेली. त्या कामाला तोड नाही, पण त्या फिल्मांवर काम करणाऱ्यालाही रंगासाठी मूळ पोथीकडेच जावे लागते.

आणि कागदाचा आकार. फिल्मवर एवढीशी चिठ्ठी आणि हातभर लांब सनद दोन्ही पडदाभर दिसतात. फ्रेममध्ये मोजपट्टी ठेवलेली असेल तर ठीक, नाहीतर कोणता कागद खलित्यात गेला आणि कोणता पागोट्यात लपवून, ते कळत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मूळ रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. वाचायला फिल्म, स्कॅन काहीही चालेल. कागद खरा की बनावट हे ठरवायचे असेल, मोर्तब तपासायचा असेल, तर अस्सल कागदच हवा.

प्रश्न : सावंतवाडीकर आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर मी काम करतो. पणजीच्या पुराभिलेखागारातल्या काही खंडांची अवस्था वाईट आहे. कोणीतरी म्हणाले, याच कागदांच्या फिल्म लिस्बनला आहेत. त्यांचा उपयोग होईल का?
– शिक्षक, म्हापसा

उत्तर : होईल, आणि फिल्म मूळ कागदापेक्षा सरस ठरते त्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

गोव्यात पोर्तुगीज राज्य असतानाच, १९५०च्या दशकात, लिस्बनला ‘फिल्मोतेका उल्त्रामारिना पोर्तुगेझा’ नावाची संस्था निघाली. आन्तोनियो दा सिल्व्हा रेगो हे धर्मगुरू-इतिहासकार तिच्यामागे होते. वसाहतींतली दप्तरे फिल्मवर घेऊन पोर्तुगालला न्यायची, असे ते काम. गोव्याच्या दप्तरातले पुष्कळ खंड त्यांनी घेतले. त्यांत ‘मोन्सोंइश’ म्हणजे मान्सूनच्या गलबतांबरोबर राजाकडून येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांची पुस्तकेही होती. दोन्ही देशांचे संबंध १९५५मध्येच तुटले होते, १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि संबंध १९७४च्या अखेरीस पुन्हा जुळले. मधल्या काळात पोर्तुगालमधल्या अभ्यासकाला पणजीचे दप्तर म्हणजे त्या फिल्माच होत्या.

त्या फिल्म साम्राज्याने आपल्या सोयीसाठी काढल्या, हे खरे. कोणते खंड घ्यायचे, कोणते सोडायचे, ही निवडही त्यांची. पण आज त्यांचा तुम्हाला दुहेरी उपयोग आहे. पोर्तुगीज कारकून लोहयुक्त शाई वापरत. दमट हवेत ती शाई कागद खाते. आधी अक्षराभोवती तपकिरी छाया येते, मग अक्षराच्या जागी भोक पडते. म्हणजे आज पणजीत जे पान जाळी झाले आहे, ते फिल्मवर सत्तर वर्षांपूर्वीच्या अवस्थेत आहे. कागद तेव्हाही फाटका असेल, पण आजच्याइतका नाही. फिल्म आणि कागद शेजारी ठेवून वाचायचे, जिथे कागदाला भोक आहे तिथे फिल्म, जिथे फिल्म काळी पडली आहे तिथे कागद.

दुसरा उपयोग म्हणजे त्या संस्थेचे ‘बोलेतीं’. या पत्रिकेत फिल्म केलेल्या खंडांतल्या कागदांचे गोषवारे छापले आहेत. पोर्तुगीज वाचता येत असेल तर घरबसल्या शोध घेता येतो. त्याबरोबर पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५५मध्ये प्रसिद्ध केलेली गोव्याच्या दप्तराची मार्गदर्शिका घ्या. कोणत्या खंडमालेत काय आहे हे पिसुर्लेकरांइतके स्पष्ट कोणी सांगितलेले नाही. मालिकेचे नाव आणि खंड क्रमांक पक्का करून मगच लिस्बनला लिहा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या कपाटात जुन्या मायक्रोफिल्मची रिळे आहेत. कपाट उघडले की लोणच्यासारखा आंबट वास येतो. धोकादायक आहे का?
– ग्रंथपाल, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या तब्येतीला फारसा नाही, खोलीला हवा लागू द्या म्हणजे झाले. रिळांसाठी मात्र हो. तो व्हिनेगरचाच वास आहे. जुनी फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची असे. ती उष्ण, दमट हवेत कुजू लागली की ॲसेटिक आम्ल सोडते, आणि ते आम्लच पुढची कुज वाढवते. शेजारच्या चांगल्या ॲसिटेट रिळांनाही लागण होते. कोकणातले कपाट म्हणजे तिला माहेर.

आज दुपारीच वास येणारी रिळे वेगळ्या खोलीत न्या. हवाबंद डब्यात कोंडू नका. मग प्रत्येक रीळ उजेडाकडे धरून कडेने पाहा. पॉलिएस्टर फिल्मच्या गुंडाळीतून उजेड आरपार येतो, ॲसिटेटची गुंडाळी अपारदर्शक दिसते. पॉलिएस्टर आणि चांदीच्या थराची फिल्म नीट ठेवली तर शेकडो वर्षे टिकण्यासाठीच बनवलेली असते, तिची चिंता नको. नीट म्हणजे थंड आणि कोरड्या जागी. एसी दिवसा लावून रात्री बंद करणे हे न लावण्यापेक्षा वाईट, कारण रोजच्या चढउतारात ओल धरते.

ॲसिटेट रिळे आक्रसू लागण्याच्या आधी स्कॅन करून घ्या. एकदा थर सुटून सुरकुत्या पडल्या की यंत्रात चालत नाहीत. क्रम ठरवताना आधी हे बघा की त्या रिळाची मास्टर निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून प्रती काढतात ती मूळ फिल्म, दुसरीकडे कुठे आहे का. तुमची प्रत वाचकांसाठी काढलेली असेल तर पैसे तिच्यावर नका घालवू. फक्त तुमच्याकडेच असलेले काही निघाले, उदाहरणार्थ स्थानिक वृत्तपत्र, तर ते पहिले.

रिळांवर पिवळट झाक असेल पण वास नसेल, तर तो बहुधा आमच्यासारख्यांचा प्रताप. धुलाईत हायपो, म्हणजे चित्र पक्के करायचे रसायन, नीट निघाला नाही की वर्षांनी फिल्म पिवळी पडते. पाणीकपातीच्या दिवसांत काढलेली रिळे मला अजून ओळखता येतील.

प्रश्न : आमचे पूर्वज वाईकडचे. अमेरिकेत मॉर्मन पंथीयांच्या डोंगरातल्या कोठारात जगभरच्या वंशावळींच्या फिल्म आहेत असे ऐकले. तिथे मराठी घराण्यांचे काही मिळेल?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : कोठार खरे आहे. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात बोगदे खोदून त्यांनी फिल्म ठेवल्या आहेत, सुमारे २४ लाख रिळे. पूर्वी ती रिळे टपालाने मागवता येत. ते २०१७मध्ये बंद झाले, आणि सगळ्यांचे डिजिटलीकरण २०२१मध्ये पुरे झाले. तेव्हा कुठे जायला नको, त्यांच्याच फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खाते उघडा. भारतातल्या नोंदींत हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या आहेत. तुमचे पणजोबा काशी-हरिद्वारची यात्रा करून आले असतील तर नशीब काढून पाहा, पण त्या वह्या नावाने शोधता येण्याजोग्या आहेत असे समजू नका. पाने उलटावी लागतील. वाईकरांसाठी मी तरी आधी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांना गाठीन. गाव आणि आडनाव सांगा, ते वही काढतात. सुट्टीत याल तेव्हा सकाळी लवकर जा.

प्रश्न : संकेतस्थळावर पीडीएफ मिळाली, ती फिल्मवरून केलेली दिसते. तळटीपेत मूळ वृत्तपत्राचे नाव दिले की पुरे ना?
– एम.ए.चा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पुरे नाही. तुम्ही वृत्तपत्र पाहिलेलेच नाही. तुम्ही फिल्मच्या स्कॅनची पीडीएफ पाहिली आहे, तसे लिहा. फिल्मवरून स्कॅन झाले असेल तर शिवणीत गेलेला रकाना पीडीएफमध्येही गेलेलाच असतो, काळे पान काळेच राहते. संगणकाची भर वेगळी : जुन्या देवनागरी खिळ्यांवर अक्षरओळख अजून कच्ची आहे, म्हणून शोधात शून्य निकाल आले तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. पान करडे आणि कडेला काळी चौकट असेल, किंवा फ्रेममध्ये मोजपट्टी नि फलक दिसत असेल, तर ते फिल्मवरून आले हे धरून चाला.

तळटीपेत वृत्तपत्राचे नाव, तारीख, पान, रकाना. मग फिल्म कोणत्या संस्थेची, रीळ क्रमांक. मग संकेतस्थळ आणि तुम्ही पाहिल्याची तारीख. फ्रेम क्रमांक दिसत असेल तर तोही. अक्षर अंदाजाने लावले असेल तिथे चौकोनी कंस. मार्गदर्शक म्हणाले की एवढे लांब नको, तर रकाना गाळा, रीळ क्रमांक गाळू नका.